इंद्रधनुषी मासे: रंगाआधी पाणी

शोभिवंत माशांच्या दुकानात इंद्रधनुषी मासा, म्हणजे व्यवहारातला ‘रेनबो’, गिऱ्हाइकाचे लक्ष क्वचितच वेधून घेतो. दाटीवाटीने भरलेल्या टाकीत, प्रखर दिव्याखाली, तीन-चार सेंटिमीटर लांबीची ही पिले राखाडी आणि काहीशी निस्तेज दिसतात. शेजारच्या टाकीतील गप्पी किंवा गोल्डफिश त्या मानाने भडक असतात आणि खरेदीही बहुधा त्यांचीच होते. मात्र याच पिलांना वर्ष-दीड वर्ष नीट सांभाळले, तर निळ्या, केशरी, पोपटी आणि शेंदरी रंगांचे पूर्ण वाढलेले मासे टाकीत वावरू लागतात.

हे रंग उपजत असले तरी ते दिसणे पाणी, सोबत आणि आहार या तीन गोष्टींवर अवलंबून असते. त्वचेतील परावर्तक पेशींत ग्वानिनचे सूक्ष्म स्फटिक असतात. त्यांवरून प्रकाश परतला की निळ्या-हिरव्या छटा उमटतात. लाल व केशरी रंगांसाठी लागणारी कॅरोटिनॉइड द्रव्ये माशाला स्वतः तयार करता येत नाहीत, ती अन्नातूनच मिळवावी लागतात. आजारी, भेदरलेला किंवा कळपावाचून एकटा पडलेला मासा फिका पडतो. त्यामुळे या माशाचा रंग हा त्याच्या प्रकृतीचा पहिला निदर्शक मानावा. रंग उतरला की औषधाच्या बाटलीकडे हात नेण्याआधी पाणी तपासावे, हा या माशांच्या संगोपनाचा मूलमंत्र आहे.

मूळ निवास

इंद्रधनुषी माशांचे कुळ मेलॅनोटीनिडी या नावाने ओळखले जाते. ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी बेट आणि त्याच्या आसपासची लहान बेटे एवढाच या कुळाचा नैसर्गिक प्रदेश. दोन्ही बाजूंनी चपटे शरीर, पाठीवर एकामागे एक असे दोन पर, मोठे डोळे आणि लहान तोंड ही त्यांची ठळक लक्षणे. नर वयानुसार उंच, भरीव होत जातो. मादी सडपातळ राहते व तिचे रंग सौम्य असतात.

यांतील अनेक जातींचा निवास एखाद्या सरोवरापुरता किंवा एखाद्या नदीच्या खोऱ्यापुरता मर्यादित आहे. पुढचा भाग निळसर-करडा आणि मागचा केशरी अशी रंगांची सरळ विभागणी असलेला बोसेमानी रेनबो हा न्यू गिनीच्या पश्चिम टोकाकडील आयामारू सरोवरांच्या परिसरातला. १९५० च्या दशकात तेथे नमुने गोळा करणारे डच मत्स्यतज्ज्ञ मारिनस बोसेमान यांच्यावरून ॲलन आणि क्रॉस या अभ्यासकांनी १९८० मध्ये त्याला हे नाव दिले. नाव मिळाल्यावर दशकभरातच त्याला एवढी मागणी आली की, १९८९ च्या सुमारास दरमहा सुमारे ६० हजार नर पकडले जात असल्याचा अंदाज नोंदवला गेला. आंतरराष्ट्रीय निसर्ग संवर्धन संघाच्या लाल यादीत ही जात संकटग्रस्त म्हणून नोंदलेली आहे. लाल रेनबो सेंटानी सरोवरातला, तर निळा लॅक्युस्ट्रिस पापुआ न्यू गिनीतील कुतुबू सरोवरातला. घरच्या टाकीतील माशाला कोणते पाणी मानवेल, याचे उत्तर या मूळ ठिकाणांतच दडलेले आहे.

कोणती जात, केवढी टाकी

नवख्या हौशी पालकांसाठी निऑन किंवा बुटका रेनबो (मेलॅनोटीनिया प्रीकॉक्स) सर्वांत सोयीचा. तो पाच-सहा सेंटिमीटरपर्यंत वाढतो. नराचे अंग निळसर-चंदेरी आणि पर तांबडे असतात, मादीचे पर पिवळसर. बोसेमानी आणि लॅक्युस्ट्रिस १० ते १२ सेंटिमीटरपर्यंत, तर लाल रेनबो १५ सेंटिमीटरपर्यंत जातो. तंतुपर रेनबो (इरिआथेरिना वर्नेरी) जेमतेम चार-पाच सेंटिमीटरचा, लांब धाग्यांसारख्या परांचा आणि नाजूक. दांडग्या माशांच्या गर्दीत त्याला अन्न मिळत नाही, शिवाय त्याचे पर कुरतडले जातात. त्याची टाकी वेगळीच असावी.

हे मासे दिवसभर सरळ रेषेत वेगाने पोहतात. त्यामुळे टाकीची उंची कमी असली तरी चालते, लांबी मात्र कमी असून भागत नाही. निऑन रेनबोच्या सहा-आठ माशांच्या कळपाला तीन फूट आणि मोठ्या जातींना किमान चार फूट लांबीची टाकी हवी. चार फूट लांब, दीड फूट रुंद व दीड फूट उंच टाकीत सुमारे २५० लिटर पाणी मावते. काच, वाळू व दगड धरून हे वजन ३०० किलोच्या पुढे जाते. त्यामुळे टाकीचा स्टँड आणि जागा आधी ठरवावी, टाकी नंतर आणावी.

सहापेक्षा कमी मासे ठेवू नयेत. दुकानदार रंगामुळे नुसते नर पुढे करतात. पण माद्यांवाचून नरांची आपसांतील चढाओढ वाढते आणि रंग खुलत नाहीत. एका नरामागे एक किंवा दोन माद्या असे प्रमाण ठेवावे. सकाळी दिवा लागल्यावर नर पर ताणून एकमेकांसमोर आणि माद्यांसमोर मिरवतात, कपाळापासून पाठीपर्यंतचा पट्टा क्षणार्धात उजळवतात. निरोगी कळपाची ही रोजची खूण आहे. घाबरल्यावर हे मासे उसळी मारतात, म्हणून टाकीवर झाकण हवेच.

अमोनिया आणि पीएच

नवी टाकी भरून दुसऱ्याच दिवशी मासे सोडणे हे घरगुती मत्स्यालयातील मृत्यूंचे एक प्रमुख कारण आहे. माशांच्या कल्ल्यांतून व विष्ठेतून, तसेच उरलेल्या अन्नातून अमोनिया तयार होतो. एका प्रकारचे जिवाणू त्याचे नायट्राइटमध्ये आणि दुसऱ्या प्रकारचे नायट्राइटचे त्या मानाने निरुपद्रवी नायट्रेटमध्ये रूपांतर करतात. हे जिवाणू फिल्टरच्या स्पंजावर आणि वाळूवर वसतात, आणि त्यांची पुरेशी वसाहत होण्यास साधारणतः चार ते सहा आठवडे लागतात. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्य दाखवू लागल्यावरच मासे आणावेत, तेही एकदम न आणता दोन-तीन टप्प्यांत.

रेनबोंच्या बाबतीत यात आणखी एक मेख आहे. पाण्यातील अमोनियाचा विषारी भाग पीएच वाढला की वाढतो. २५ अंश सेल्सिअसला पीएच ७ असताना हा भाग एक टक्क्याहूनही कमी असतो. पीएच ८ झाला की तो पाच टक्क्यांच्या वर जातो. बोसेमानी, लाल रेनबो आणि लॅक्युस्ट्रिस यांना ७ ते ८ पीएचचे पाणी मानवते. म्हणजे ज्या पाण्यात त्यांची प्रकृती उत्तम राहते, त्याच पाण्यात अमोनियाची चूक अधिक महाग पडते. नायट्राइट रक्तातील हिमोग्लोबिनला निकामी करते. पाण्यात प्राणवायू असूनही मासा पृष्ठभागाशी येऊन धापा टाकतो. टाकीजवळ अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पीएच तपासण्याचे किट असावे, असा आग्रह यासाठीच धरला जातो.

नळाचे पाणी की बोअरचे?

मुंबई-पुण्यासारख्या शहरांना धरणांतून मिळणारे पाणी सहसा मृदू असते. निऑन आणि तंतुपर रेनबोंना ते जसेच्या तसे चालते. मोठ्या जातींसाठी मात्र फिल्टरमध्ये मूठभर शिंपल्यांचा किंवा पोवळ्याचा चुरा जाळीच्या पिशवीत घालून ठेवावा. त्यातून क्षार सावकाश विरघळतात आणि पीएच अचानक घसरत नाही. बोअरचे जड पाणी या जातींना बहुधा मानवते. नायट्रेट तेवढे तपासून घ्यावे. घरातील आरओ यंत्राचे नुसते पाणी वापरू नये, कारण त्यात क्षार जवळजवळ उरत नाहीत.

नळाच्या पाण्यातील क्लोरीन कल्ल्यांना आणि फिल्टरमधील जिवाणूंना घातक असतो. पसरट भांड्यात हवा सोडत २४ तास ठेवलेल्या पाण्यातून तो निघून जातो. सोडियम थायोसल्फेटचे थेंब घातल्यास लगेच निष्प्रभ होतो. क्लोरामाइन वापरलेले पाणी मात्र नुसते ठेवून निवळत नाही, त्यासाठी वॉटर कंडिशनर लागतो. पावसाळ्यात गढूळ पाणी आले की शुद्धीकरणाची मात्रा वाढवली जाण्याची शक्यता असते. अशा दिवसांत थोडे थोडे पाणीच बदलावे.

दर आठवड्याला चौथा हिस्सा पाणी बदलावे. नव्या आणि जुन्या पाण्याच्या तापमानातील फरक दोन अंशांपेक्षा जास्त नसावा. महिनोन्‌महिने नुसती भर घालत राहिलेल्या टाकीत नायट्रेट साचते. शिवाय जिवाणूंच्या कामामुळे पाण्यातील कार्बोनेट खर्ची पडून ते आम्ल होत जाते. अशा टाकीतील मासे त्या पाण्याला कसेबसे सरावलेले असतात. मग एखाद्या रविवारी मालकाने उत्साहाच्या भरात सगळे पाणी एकदम बदलले की त्या धक्क्यानेच ते दगावतात.

वनस्पती: निवड आणि मांडणी

वनस्पती पाण्यातील अमोनिया व नायट्रेट शोषून घेतात, लपायला जागा देतात आणि अंड्यांना आधार देतात. गडद हिरव्या पार्श्वभूमीवर मासे निर्धास्त राहतात व रंगही उठून दिसतात. मात्र हिरवळीच्या आखीव बागेसाठी दिला जाणारा सल्ला या माशांच्या टाकीला जसाच्या तसा लागू पडत नाही. त्या बागांना मृदू, किंचित आम्ल पाणी, पीएच उतरवणारी खास माती आणि सिलिंडरमधून सोडलेला कार्बन डायऑक्साइड हवा असतो. मोठ्या रेनबोंना त्याउलट क्षारयुक्त, वाहते आणि प्राणवायूने भरलेले पाणी लागते. दोन्ही एकाच टाकीत साधण्याचा खटाटोप बहुधा माशांच्या जिवावर बेततो.

सुदैवाने जड पाण्यात आणि सिलिंडरशिवाय वाढणाऱ्या वनस्पती कमी नाहीत. पट्टीसारख्या पानांची वॅलिस्नेरिया मागच्या बाजूला लावावी. क्रिप्टोकोरीन कडेला, आणि जावा फर्न व अनुबियास लाकडाच्या ओंडक्यावर किंवा दगडावर बांधावेत. या दोघांचे आडवे खोड वाळूत पुरल्यास ते कुजते. सेराटोफायलम तरंगता ठेवला तरी झपाट्याने वाढतो आणि नव्या टाकीत नायट्रेट खेचून घेण्यास उपयोगी पडतो. रोपे मागे आणि दोन्ही कडांना दाट लावून मधली लांबी पूर्ण मोकळी ठेवावी. दिवा रोज आठ तास पुरेसा आहे. त्याहून जास्त प्रकाशाने शेवाळ माजते.

प्राणवायूचा हिशेब

दिव्याच्या उजेडात वनस्पती प्राणवायू सोडतात, हे सर्वांना ठाऊक असते. रात्री त्याही माशांप्रमाणे प्राणवायूच घेतात, याचा मात्र विसर पडतो. दाट रोपांच्या टाकीत पहाटे प्राणवायू सर्वांत कमी असतो. सकाळी दिवा लावण्यापूर्वी मासे पृष्ठभागाशी तोंड उघडझाप करताना दिसले, तर रात्रभर एअर पंप चालू ठेवावा किंवा फिल्टरचा प्रवाह पृष्ठभागाकडे वळवावा. कार्बन डायऑक्साइड सोडायचाच असेल, तर तो दिवा मालवण्यापूर्वी तासभर बंद व्हावा आणि त्याचे प्रमाण दर लिटरला ३० मिलिग्रॅमच्या वर जाऊ नये.

पाणी तापले की त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांना लिटरमागे सुमारे ८.३ मिलिग्रॅम, तर ३२ अंशांना ७.३ मिलिग्रॅम एवढीच त्याची कमाल मर्यादा असते. त्याच वेळी माशांची प्राणवायूची गरज मात्र वाढलेली असते. बहुतेक रेनबोंना २४ ते २७ अंशांचे पाणी योग्य. विदर्भ-मराठवाड्यातील एप्रिल-मेमध्ये ही मर्यादा सहज ओलांडली जाते. पृष्ठभागावर लहान पंख्याचा वारा सोडल्यास बाष्पीभवनामुळे तापमान दोन-तीन अंशांनी उतरते. झाकणाऐवजी त्या काळात जाळी घालावी. बर्फाचे खडे टाकू नयेत. तापमानाचा अचानक चढउतार उष्म्याइतकाच घातक असतो. नाशिक-पुण्याच्या थंडीत थर्मोस्टॅट असलेला हीटर लागतो.

वीज तासन्‌तास जाणाऱ्या ठिकाणी बॅटरीवर चालणारा एअर पंप जवळ असावा. बंद पडलेल्या डबाबंद फिल्टरमधील जिवाणू प्राणवायूअभावी मरू लागतात. वीज बराच वेळाने आली तर फिल्टरचा स्पंज टाकीतून काढलेल्या पाण्यात पिळूनच तो पुन्हा चालू करावा.

आहार

निसर्गात हे मासे पाण्यावर पडणारे कीटक, डासांच्या अळ्या, सूक्ष्म कवचधारी जीव आणि शेवाळ खातात. घशाची वाट अरुंद असल्याने अन्नाचा कण लहान असावा. चांगल्या प्रतीचे बारीक दाणे किंवा चुरलेले फ्लेक्स हा नित्याचा आहार. त्याला स्पिरुलिना, गोठवलेली पाणपिसवे आणि आर्टेमिया यांची जोड द्यावी. स्पिरुलिना आणि कवचधारी जीव यांतून केशरी-लाल रंगाची द्रव्ये मिळतात. दिवसातून दोनदा, दोन मिनिटांत संपेल एवढेच अन्न द्यावे आणि आठवड्यातून एक दिवस उपास घडवावा. हा मासा कितीही खायला दिले तरी खातो, आणि चरबी साचून आयुष्य गमावतो. नीट सांभाळलेला मोठा रेनबो पाच ते आठ वर्षे जगतो. गटारांतून गोळा केलेले जिवंत ट्यूबिफेक्स किडे टाळावेत, कारण त्यांबरोबर रोगजंतू टाकीत येतात.

आजार: आधी ओळख, मग उपाय

नवे मासे थेट मुख्य टाकीत सोडू नयेत. स्पंज फिल्टर असलेल्या साध्या, वाळूविरहित टाकीत त्यांना चार आठवडे वेगळे ठेवावे. या टाकीची जाळी आणि नळीही वेगळी असावी.

पांढऱ्या ठिपक्यांचा रोग इक्थियोफ्थिरियस या परजीवीमुळे होतो. अंगावर रव्याचे कण चिकटल्यासारखे दिसतात आणि मासे दगडाला अंग घासतात. अंगावरच्या ठिपक्यातील परजीवीवर औषध चालत नाही. तो तेथून सुटून पाण्यात पोहू लागतो त्याच अवस्थेत मारता येतो. त्यामुळे ठिपके गेले म्हणून उपचार थांबवणे चूक ठरते. सर्व मासे उपचाराच्या टाकीत हलवावेत, पाणी सावकाश २८ ते ३० अंशांपर्यंत तापवावे, हवा वाढवावी आणि वेष्टनावरील मात्रेनुसार औषध द्यावे. रोपांच्या टाकीत मीठ किंवा तांबेयुक्त औषध घालू नये. मासे नसलेल्या टाकीत परजीवीला आश्रय मिळत नाही आणि दोन आठवड्यांत तो नाहीसा होतो.

तोंडाभोवती किंवा पाठीवर खोगिरासारखा पांढुरका, कापसासारखा थर दिसला, तर तो बुरशी समजून सोडून देऊ नये. हा बहुधा कॉलमनॅरिस हा जिवाणूजन्य रोग असतो. पांढऱ्या ठिपक्यांवर पाणी तापवणे उपयोगी पडते. येथे मात्र उष्णतेने रोग अधिक वेगाने पसरतो. त्यामुळे निदान चुकले तर उपायच अपाय होतो. माणसांची प्रतिजैविके अंदाजाने पाण्यात टाकण्यापेक्षा पशुवैद्यकाचा सल्ला घ्यावा.

सर्वांत गंभीर आहे तो माशांचा क्षय, म्हणजे मायकोबॅक्टेरियम गटातील जिवाणूंचा संसर्ग. रेनबो या रोगाला विशेष बळी पडतात. लक्षणे सावकाश प्रकटतात: पोट खपाटीला जाणे, पाठीचा कणा वाकणे, अंगावर न भरणारे व्रण, आणि काही महिन्यांच्या अंतराने एकेक मासा दगावणे. यावर खात्रीचा उपचार नाही. निदान प्रयोगशाळेतच पक्के होते. रोग ठरल्यास बाधित माशांना पशुवैद्यकाच्या सल्ल्याने वेदनारहित मृत्यू देणे, रोपे व वाळू नष्ट करणे आणि टाकी निर्जंतुक करणे एवढेच हाती राहते.

या गटातील मायकोबॅक्टेरियम मरिनम हा जिवाणू हातावरील जखमेतून माणसाच्या त्वचेतही शिरतो आणि बोटांवर वा मनगटावर गाठी उठतात. म्हणून हाताला कापलेले-खरचटलेले असताना टाकीत हात घालू नये, रबरी हातमोजे वापरावेत आणि सायफनची नळी तोंडाने ओढू नये. बरी न होणारी गाठ डॉक्टरांना दाखवताना घरी मत्स्यालय असल्याचे आवर्जून सांगावे. एरवी निदानाला विलंब लागतो.

प्रजनन आणि वंश

मादी रोज थोडी थोडी अंडी घालते. चिकट तंतूंनी ती जावा मॉसला किंवा लोकरीच्या झुपक्याला अडकतात. झुपका वेगळ्या टाकीत हलवल्यास साधारण सात ते बारा दिवसांत पिले बाहेर पडतात. ती अतिसूक्ष्म असल्याने पहिले काही दिवस त्यांना हिरवे पाणी किंवा सूक्ष्मजीवांचे विरजण पृष्ठभागावर द्यावे लागते, त्यानंतर आर्टेमियाची पिले.

जवळच्या जाती एकत्र ठेवल्यास त्यांचा सहज संकर होतो आणि माद्या इतक्या सारख्या दिसतात की पुढे वेगळ्या करता येत नाहीत. मेलॅनोटीनिया वंशातील एकच जात एका टाकीत ठेवणे उत्तम. ते शक्य नसेल तर अशा टाकीतील पिले विकू वा वाटू नयेत.

या खबरदारीचे मोल ऑस्ट्रेलियातील ईचम सरोवराच्या उदाहरणावरून कळते. क्वीन्सलंडमधील या ज्वालामुखी सरोवरातील रेनबोला १९८२ मध्ये शास्त्रीय नाव मिळाले. पुढे लोकांनी सरोवरात दुसरे मासे सोडले आणि १९८७ च्या पाहणीत हा रेनबो तेथे आढळलाच नाही. निसर्गातून तो नष्ट झाला असे मानले गेले, त्या काळात त्याचा वंश हौशी पालकांच्या टाक्यांत जिवंत होता. सरोवरात तो पुन्हा रुजवण्याचा प्रयत्न फसला. १९९० च्या दशकात आसपासच्या पठारावरील ओढ्यांत त्याच जातीचे मासे असल्याचे जनुकीय अभ्यासातून स्पष्ट झाले. मासे असोत वा छाटलेली रोपे, ती तळ्यात, विहिरीत किंवा ओढ्यात सोडू नयेत, हा धडाही याच सरोवराचा.

देखभालीचे वेळापत्रक

रोज: सकाळी दिवा लावण्यापूर्वी माशांचा श्वास पाहावा, तापमान वाचावे, मासे मोजावेत.

दर आठवड्याला: एक चतुर्थांश पाणी बदलावे, वाळूवरील गाळ सायफनने काढावा, कुजलेली पाने खुडावीत, नायट्रेट आणि पीएच तपासावा.

दर महिन्याला: फिल्टरचा स्पंज टाकीच्याच पाण्यात पिळावा, नळाखाली कधीही धुऊ नये. वाढलेल्या रोपांची छाटणी करावी.

मासा दगावल्यास: त्याला लगेच बाहेर काढावे, अमोनिया व नायट्राइट तपासावे आणि तारीख वहीत लिहावी. एकट्या मृत्यूचे कारण अनेकदा कळत नाही. तीन-चार नोंदी एकाखाली एक आल्या की ते सहसा दिसू लागते.